सातांपैकी कोणतीही दोन

गडचिरोली-चंद्रपूरच्या छोट्या संस्थांत एआय पहिल्यांदा शिरलं ते प्रस्ताव लिहायच्या निमित्ताने. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. पैसा मुंबई-पुण्याला, फॉर्म इंग्रजीत आणि काम करणारी मुलगी कोरचीकडच्या मराठी शाळेत शिकलेली. मध्ये फी घेणारा सल्लागार बसायचा. आता ती फोनवर मराठीत बोलते आणि इंग्रजी अर्ज तयार होतो. हे चांगलंच झालं. उगाच नाक मुरडायचं कारण नाही.

फक्त असा एक मसुदा कार्यालयात मोठ्याने वाचला गेला. त्यात ‘पायाभूत सर्वेक्षणानुसार’ आलं, ‘महिलांच्या पाणी समित्या’ आल्या. कोपऱ्यात हजेरीपट लिहीत बसलेल्या ताईंनी मान वर केली, “हे आपण कधी केलं जी?” केलंच नव्हतं. यंत्राने ढीगभर प्रस्ताव वाचलेले. प्रस्तावात जे असतं, ते त्याने घालून दिलं.

*

अल्गोरिदम गडचिरोलीला नवा नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था इथे सुरू केली. लहान मुलं न्यूमोनियाने दगावत होती. तो ओळखायचा तर मिनिटातले श्वास मोजायला हवेत, पन्नास-साठपर्यंत. आणि गावच्या बऱ्याच सुइणींना तेवढी मोजणी येत नव्हती. मग मण्यांची एक पाटी निघाली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. शेजारी मिनिटभराचं वाळूचं घड्याळ. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. तान्ह्यांसाठी एक ओळ, जरा मोठ्यांसाठी दुसरी, कारण तान्ह्यांचा श्वास मुळातच जलद असतो.

पुढे ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायचा प्रयोग झाला. १९९९ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. गावातल्याच शिकवून तयार केलेल्या बायका, म्हणजे आरोग्यदूत, घरोघर जाऊन बाळांच्या नोंदी ठेवत होत्या. त्या नोंदींतून जंतुसंसर्ग ओळखायचं एक सूत्र निघालं. दूध ओढणं कमी किंवा बंद. रडणं क्षीण किंवा बंद. हातपाय लुळे पडणं. उलट्या किंवा पोट फुगणं. बाळ गार लागतं असं आईने सांगणं, किंवा ताप. छाती खोल आत ओढली जाणं. बेंबीत पू. सातांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली, की उपचार.

आकडेमोड संशोधकांची, पण निघालेला नियम एवढा आटोपशीर की आरोग्यदूत बाईच्या डोक्यात राहायचा. आणि पाचवं लक्षण पुन्हा वाचा: त्या सूत्रात आईच्या शब्दाला जागा आहे. सासूने विचारलं, सुई का टोचतेस, तर बाई बाळाकडे बोट दाखवून सांगू शकायची.

कुणी नवं एआयचं साधन दाखवायला आलं की मी एवढंच विचारतो, कोणती दोन? उत्तर बहुधा ‘मॉडेल सांगतं’ असं येतं.

*

तीच घरभेटीची पद्धत २०११ पासून आशाताईंमार्फत देशभर गेली. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा दिवस. याच भेटींसाठी मुंबईच्या ‘वाधवानी एआय’ने मोबाइलच्या व्हिडिओवरून बाळाचं वजन काढायचं साधन बनवलं, दमण-दीवमध्ये ते वापरून पाहिलं. कल्पना छान आहे, बाळाला झोळीत टांगायला नको. पण स्प्रिंगचा काटा बिघडला तर तो शून्यावर येत नाही, आणि ते आशाताईला दिसतं. फोनला असा शून्य कुठे असतो?

*

‘अरमान’ ही मुंबईची संस्था गरोदर बायांना फोनवरून आवाजी संदेश पाठवते. अनेकजणी मध्येच फोन घेणं सोडतात. कार्यकर्त्या मोजक्या, मग या आठवड्यात कुणाला फोन करून बोलायचं? गूगलच्या संशोधकांनी त्यासाठी मॉडेल केलं. सुमारे २३,००० बायांच्या चाचणीत गळती तीस टक्क्यांच्या आसपास घटली. मला हा वापर प्रामाणिक वाटतो: मॉडेल निदान करत नाही, कुणाला आधी फोन करायचा एवढंच सुचवतं. आपल्याकडे एटापल्लीच्या आतल्या गावात मात्र घरातला एकुलता फोन नवऱ्याच्या खिशात, नवरा धानाच्या बांधीत, नेटवर्क टेकडीवर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडच तुटतं. तिथे ‘फोन घेत नाही’ याचा अर्थ मॉडेलने काय लावावा?

*

रजिस्टरचा फोटो काढून चॅटमध्ये टाकायचा, “याचा तक्ता कर” म्हणायचं. सगळे करतात. नावं खोडली की झालं, असं समजतात. बावीस घरांच्या टोल्यात ‘सिकलसेल, वय १९, दुसरं बाळंतपण’ एवढं लिहिल्यावर नाव लिहायची गरज उरते का? व्यक्तिगत माहितीचा कायदा २०२३ मध्ये झाला. टोला त्याच्या कितीतरी आधीपासून सगळ्यांना ओळखतो.

*

अहवालासाठी एआयकडे ‘माडिया महिला’ असं चित्र मागितलं. डोक्यात पिसं, अंगावर राजस्थानी घागरा, मागे हत्ती. ते छापायला निघालेले लोक होते.

*

आदिवासी भाषांच्या अनुवादाचं केंद्राचं ‘आदि वाणी’ सप्टेंबर २०२५ मध्ये आलं. संथाली, भिली, मुंडारी यांच्यासोबत गोंडीही त्यात आहे. व्हायलाच हवं होतं. लगेच कुणीतरी सुचवलं की ग्रामसभांची इतिवृत्तं यंत्राने लिहावीत. धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखात निर्णय सर्वसहमतीने होतात, एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. असा विषय महिनोन्‌महिने चालतो. तो कोणी अडवला, का अडवला, मग कसा सुटला हे पाच ओळींच्या सारांशात राहणार नाही, आणि पुढच्या वादात लागतं तेच.

*

ताडोबाच्या बफरमध्ये सीतारामपेठला वाघ गावाकडे आला की इशारा देणारे एआय कॅमेरे बसले. गावाची वेस त्या कॅमेऱ्यांनी राखली जाईल. तेंदू तोडायला बाया पहाटे वेशीपलीकडे जातात.

*

तेंदूवरून आठवलं. यंत्राकडून मला खरं काम हवं आहे ते इथे. वनहक्क आणि पेसा हे कायदे आल्यावर बऱ्याच ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात. सत्तर पानांचा एक पुडा, शंभर पुड्यांचा दर, मजुरी वेगळी, रॉयल्टी वेगळी. कंत्राटदाराचा करार कायदेशीर भाषेत, वीस पानी. रॉयल्टी किती तारखेपर्यंत द्यायची, थकवली तर काय, पाऊस झाला तर तोटा कुणाचा, हे त्यात कुठेतरी असतं. तो करार फोनमध्ये टाकून ग्रामसभेच्या सचिवाने हे तीन प्रश्न विचारावेत, कलमाचा क्रमांक मागावा, मग ते कलम स्वतः सभेत वाचून दाखवावं. तोड मे महिन्यात. सह्या त्याच्या बऱ्याच आधी होतात, म्हणून शिकवायचं ते होळीच्या आत.