घडीचे आसन

कोकणातला माणूस पोटापाण्यासाठी मुंबईला गेला, की गाव त्याला ‘चाकरमानी’ म्हणून ओळखू लागते. त्याची भाकरी एका ठिकाणी असते आणि जीव दुसऱ्या ठिकाणी. गणेशचतुर्थी जवळ आली, की गाडीत बसायला जागा मिळो अथवा न मिळो, दाराशी उभा राहून का होईना, तो गाव गाठतोच. चाकरमान्यांची ही जात केवळ कोकणातच आढळते असे नाही. जे लोक विमाने चालवून शेकडो माणसांना त्यांच्या घरी नेऊन सोडतात, त्यांच्यातही असे चाकरमानी पुष्कळ आहेत. आणि स्वतःचे घर गाठण्यासाठी त्यांनाही कोणाच्या तरी दाराशी उभे राहावे लागते.

विमानकंपनी आपल्या वैमानिकाला एक ठाणे नेमून देते. त्याचे काम तेथून सुरू होते आणि तेथेच संपते. घर मात्र प्रत्येकाला ठाण्याच्या गावी करता येतेच असे नाही. कोणाचे आईवडील दूरच्या राज्यात असतात, तर कोणाचा संसार समुद्रापलीकडे थाटलेला असतो. ठाण्यापासून घरापर्यंतचा प्रवास ज्याचा त्याने करावयाचा असतो. दर खेपेस तिकीट काढू म्हटले, तर मिळकतीचा मोठा भाग त्यातच खर्ची पडेल. या अडचणीवर अमेरिकेतील वैमानिकांनी जी तोड काढली, तिचे नाव जंपसीट.

जंपसीट म्हणजे घडीचे आसन. हे नाव विमानापेक्षाही जुने आहे. घोड्यांच्या बग्गीत गरजेप्रमाणे पुढेमागे सरकवता येणाऱ्या बैठकीला पूर्वी हेच नाव होते. विमानात वैमानिकांच्या कक्षात, दोन मुख्य आसनांच्या मागे ते बसवलेले असते. मोठ्या विमानांत अशी दोन आसनेही असतात. ते अरुंद असते, ताठ असते आणि त्यावर डुलकी घेणे कठीण असते. वैमानिकांची परीक्षा घेणारे अनुभवी कप्तान आणि सरकारी निरीक्षक यांच्यासाठी ते मुळात ठेवलेले आहे. ज्या दिवशी ते रिकामे असेल, त्या दिवशी घरी निघालेल्या एखाद्या वैमानिकाला त्यावर बसता येते. अमेरिकेतील अनेक विमानकंपन्यांनी एकमेकींशी तसे करार केले आहेत. ‘तुमच्या माणसाला आम्ही नेऊ, आमच्या माणसाला तुम्ही न्या,’ एवढाच त्यांचा मथितार्थ.

असा एक वैमानिक डोळ्यांपुढे आणावा. त्याचे ठाणे न्यूयॉर्क, घर पोर्तुगालमधील लिस्बनला. मध्ये अटलांटिक महासागर. अंतर सुमारे ५,४०० किलोमीटर. दुपारी त्याचे काम संपले आहे आणि हातात चार दिवसांची सुट्टी आहे. आज रात्री निघाला, तर उद्या सकाळी घरी. आज राहिला, तर त्या चारांतील एक दिवस विमानतळावरच सरला म्हणून समजावे. घरी धाकटी मुलगी दाराकडे डोळे लावून बसली आहे. गेल्या खेपेस तिला दिलेला शब्द पाळता आला नव्हता.

त्याने स्वतःच्या कंपनीच्या लिस्बनच्या विमानासाठी आधीच नाव नोंदवून ठेवले आहे. देशातल्या देशात जायचे असेल, तर ओळखपत्र आणि वैमानिकाचा परवाना पुरतो. समुद्र ओलांडायचा, तर पारपत्र हवे, त्या देशात राहण्याची परवानगी हवी. आणि सीमेवरील अधिकाऱ्यांना जी यादी दिली जाते, तीत नाव हवे. हे सारे कागद खिशात घालून तो गेटवरील खिडकीपाशी उभा राहतो. चाळीस मिनिटांनी उत्तर मिळते, ते नकाराचे. लांबच्या उड्डाणात मुख्य वैमानिकांना विश्रांती देण्यासाठी आणखी एक वैमानिक बहुधा बरोबर असतो. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पहिले घडीचे आसन त्याचे. दुसऱ्या आसनावर सेवेने ज्येष्ठ असलेल्या सहकाऱ्याचा हक्क. प्रवाशांच्या दालनातही एक जागा उरलेली नाही. वैमानिक खिडकीवरील बाईंचे आभार मानतो आणि आपली पेटी ओढत पुढे निघतो. त्याच्या चेहऱ्यावर राग नसतो. जी वस्तू आपल्या मालकीची नव्हतीच, ती मिळाली नाही म्हणून रागवायचे कोणावर?

अनुभवी चाकरमानी एकाच गाडीवर विसंबत नाही. दुसऱ्या एका अमेरिकन कंपनीचे विमान त्याच रात्री माद्रिदला जाणार असते. माद्रिदहून लिस्बन म्हणजे सव्वा तासाचे उड्डाण. तेवढे तिकीट खिशाला झेपते. मात्र परक्या कंपनीच्या आंतरराष्ट्रीय विमानात वैमानिककक्षात बसण्याची मुभा बहुधा नसते. प्रवाशांत एखादी जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली, तरच ती मिळावयाची. आणि त्याआधी कप्तानाची परवानगी घ्यावयाची, हा रिवाज आहे. विमानात कोणी यावे आणि कोणी येऊ नये, याचा अखेरचा निर्णय कप्तानाचा. म्हणून स्वतः वीस वर्षे विमान चालवणारा हा माणूस दुसऱ्याच्या दाराशी उभा राहतो आणि नम्रपणे विचारतो, “कप्तानसाहेब, आपल्या विमानातून मला घरी जाता येईल का?”

या प्रश्नात आणि त्याच्या उत्तरात मोठा विश्वास साठवलेला आहे. तो विश्वास एकदा भयंकर रीतीने मोडलाही गेला होता. ७ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकेतील मेंफिसहून निघालेल्या एका मालवाहू विमानात त्याच कंपनीचा एक कर्मचारी घडीच्या आसनाचा प्रवासी म्हणून चढला, आणि विमान आकाशात गेल्यावर त्याने तिन्ही वैमानिकांवर हातोड्याने हल्ला केला. रक्तबंबाळ झालेल्या त्या तिघांनी त्याला आवरले आणि विमान सुखरूप खाली आणले. पुढे ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर परक्या वैमानिकांसाठी कक्षाचे दार बंदच झाले. समोरचा माणूस आजही खरोखर त्या कंपनीच्या सेवेत आहे की नाही, हे गेटवरच संगणकाने पडताळण्याची सोय काही वर्षांनी झाली. तेव्हा देशांतर्गत उड्डाणांपुरते ते दार पुन्हा उघडले.

दार कायमचे बंद केले असते, तर निष्काळजीपणाचा दोष कोणी दिला नसता. पण बरोबर आलेला वैमानिक प्रसंगी किती उपयोगी पडतो, हेही आकाशाने पाहिले आहे. १९ जुलै १९८९ रोजी डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या विमानाचे शेपटाकडील इंजिन फुटले आणि विमान वळवण्याची सारी साधने निकामी झाली. त्या विमानात डेनिस फिच नावाचे एक वैमानिक प्रवाशांमध्ये बसून चालले होते. ते आपण होऊन पुढे गेले, दोन आसनांच्या मध्ये गुडघ्यांवर बसले आणि उरलेल्या दोन इंजिनांची शक्ती कमीजास्त करीत विमान सावरू लागले. सू सिटी येथे उतरताना विमान मोडून पडले. २९६ जणांपैकी ११२ जण दगावले. पण १८४ जण वाचले. सर्वांचाच अंत ठरलेला दिसत होता, तेथे इतके जीव वाचले, यात त्या पाहुण्याच्या हातांचाही वाटा होता.

इकडे माद्रिदच्या विमानाचा कप्तान वैमानिकाचे ओळखपत्र पाहतो आणि म्हणतो, “जागा असेल, तर आपण अवश्य चला.” सारे प्रवासी आत जातात. दार लागायला थोडाच अवधी उरतो, आणि एक प्रवासी आलाच नाही असे कळते. मागच्या रांगेत, दोघांच्या मधली ती जागा. वैमानिक तेथे जाऊन बसतो. पुढील सहा-सात तास पाय लांब करता येणार नाहीत, याची त्याला जाणीवही नसते. दुसऱ्या दिवशी दुपारी लिस्बनच्या उंचवट्यावरील एका घराची घंटा वाजते आणि आतून लहान पावलांचा आवाज धावत येतो.

चार दिवसांनी तो पुन्हा कामावर रुजू होतो. त्या दिवशी देशातल्याच एका शहराला विमान न्यावयाचे असते आणि कप्तानाच्या आसनावर तो स्वतः असतो. निघण्याच्या तयारीत असताना दारापाशी एक तरुण उभा राहतो. एका लहानशा कंपनीचा गणवेश, काखेत टोपी, हातात कागद, नजरेत संकोच. तो विचारतो, “कप्तानसाहेब, आपल्या विमानातून मला घरी जाता येईल का?”

कप्तान कागद नीट पाहतो. त्यात कसूर करीत नाही. प्राणवायूचा मुखवटा कोठे आहे आणि तो कसा लावावा, हे दाखवतो. विमान दहा हजार फुटांवर जाईपर्यंत उड्डाणाखेरीज दुसरे बोलणे नाही, या नियमाची आठवण देतो. मग मागे हात नेऊन तो घडीचे आसन उलगडतो आणि म्हणतो, “या, बसा. घर कोठे आपले?”