जोरासांकोच्या ठाकूरबाडीचे वर्ष

जोरासांकोच्या ठाकूरबाडीचे वर्ष वैशाखात सुरू होते. उत्तर कोलकात्यातल्या या घरात १८६१ साली रवींद्रनाथ टागोर जन्मले आणि १९४१ साली त्यांनी इथेच डोळे मिटले. १९६२ साली स्थापन झालेल्या रवींद्र भारती विद्यापीठाकडे ही वास्तू असून तिच्यात विद्यापीठाचे संग्रहालय आहे. एरवी येणारा पाहुणा चपला काढून वर जातो, रवींद्रनाथांच्या पत्नी मृणालिनीदेवी यांची चूल पाहतो, चीन-जपानची दालने फिरून खाली उतरतो. पण हे घर कळते ते तिथी गाठून गेलेल्याला. इथले सोहळे संग्रहालयाने बाहेरून आणलेले नाहीत. कुटुंब नांदत होते तेव्हाही या घराची दारे शहराला उघडी असत. १८६७ साली इथल्या नाट्यशाळेत ‘नवनाटक’ झाले. १८७४ पासून ‘विद्वज्जन समागम’ नावाचा लेखक-पंडितांचा मेळा भरू लागला. १८८१ च्या मेळ्यात एकोणीस वर्षांच्या रवींद्रनाथांनी ‘वाल्मीकि-प्रतिभा’ या आपल्या गीतनाट्यात स्वतः वाल्मीकी केला, पुतणी प्रतिभा सरस्वती झाली, आणि बघायला बंकिमचंद्र बसले होते.

बंगाली महिने सूर्याच्या गतीवर चालतात, त्यामुळे मराठी पंचांगाशी त्यांचा मेळ बसत नाही. पहिला वैशाख एप्रिलच्या मध्याला येतो आणि पंचविसावा, म्हणजे रवींद्रजयंती, मे महिन्याच्या आठ-नऊ तारखेला. त्या दिवशी कोलकात्याची हवा घामाने चिकट झालेली असते, तरी सकाळपासूनच द्वारकानाथ टागोर गल्लीत माणसांची रीघ लागते. निशिगंधाच्या माळा, पुरुषांच्या अंगात पंजाबी कुडते, बायकांच्या लाल काठाच्या पांढऱ्या साड्या. या साडीच्या नेसणीतही घराचा इतिहास आहे. रवींद्रनाथांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ हे पहिले भारतीय आयसीएस अधिकारी मुंबई इलाख्यात नेमले गेले. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी यांनी मुंबईच्या पारशी बायकांची नेसण पाहिली, तिच्यात आपल्या सोयीचे बदल केले आणि निऱ्या-पदराची ती तऱ्हा जोरासांकोत आणली. बंगालच्या शिकलेल्या घरांत ती तिथून पसरली.

जयंतीचा मुख्य कार्यक्रम गाण्यांचा असतो. नाव असलेले गायक येतात, विद्यार्थी येतात, पण ऐकण्याजोगी गोष्ट श्रोत्यांत घडते. एखाद्या गाण्याचा पहिला शब्द उमटताच पुढच्या ओळी शेजारच्या माणसाच्या ओठांवर असतात, आणि तो माणूस कारकून असेल, शाळामास्तर असेल, नातवाला घेऊन आलेली आजी असेल. कवीची खुर्ची, कवीचा अंगरखा जपणारी घरे जगात पुष्कळ आहेत. कवीची गाणी पाठ असलेली गर्दी दरसाल ज्या घराकडे चालत येते, अशी घरे फार थोडी.

मग पावसाळा. वर्षागीतांचा जो ‘वर्षामंगल’ सोहळा आता बंगालभर होतो, तो कोलकात्यात १९२१ साली या घरात झाला होता. पण श्रावणाचा खरा दिवस बाविसावा. १९४१ च्या जुलैअखेरीस आजारी रवींद्रनाथांना शांतिनिकेतनहून इथे आणले. ३० जुलैला सकाळी त्यांनी शेवटची कविता सांगून लिहवून घेतली, आणि त्याच दिवशी घराच्या व्हरांड्यातच त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. ७ ऑगस्टला दुपारी बाराच्या सुमारास ते गेले. त्यानंतरचे काही तास बंगालला अजून सलतात. लोकांचा लोंढा आत घुसला, पार्थिव घाईने बाहेर काढावे लागले, आणि गर्दीमुळे मुलगा रथींद्रनाथ निमतला स्मशानघाटावर पोहोचूच शकला नाही. आज बावीस श्रावणाला लोक ते गेले त्या खोलीपाशी हळू पावलांनी येतात, फुले ठेवतात. शांतिनिकेतनात या तिथीला झाडे लावतात. जोरासांकोला मात्र निरोपाचाच दिवस पाळावा लागतो, कारण निरोप इथून दिला गेला.

राखीची गोष्ट वेगळी आहे. १६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगालची फाळणी अमलात आली. त्या दिवशी चूल पेटवायची नाही आणि एकमेकांना राखी बांधायची, असे ठरले होते. रवींद्रनाथ घरच्या मंडळींसह अनवाणी गंगेवर निघाले. पुतणे अवनींद्रनाथ यांनी आठवणींत सांगितले आहे, की परतताना वाटेतल्या तबेल्यातल्या मुसलमान मोतद्दारांना राख्या बांधल्या. तेवढ्यात काकांच्या मनात आले की चितपूरच्या मशिदीत जायचे. आता दंगल होणार म्हणून अवनींद्रनाथांनी पळ काढला. काका मात्र मौलवींना राख्या बांधून परत आले; मौलवी नुसते हसले होते. बंगालमध्ये राखी बहीण-भावापुरती राहिली नाही, ती या सकाळीमुळे.

शरदात सगळे शहर दुर्गापूजेने उजळते. या घरात देवीसाठी खास बांधलेले ठाकूरदालन आहे, कमानींचे, समोर मोकळे अंगण असलेले. रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ यांच्या काळात तिथे थाटाची पूजा होई. वडील देवेंद्रनाथ यांनी ब्राह्मो मत स्वीकारले, हळूहळू मूर्तिपूजा थांबली, आणि दालनात प्रार्थना व गाणी आली.

हिवाळ्यातली एक आठवण मराठी वाचकाने जपावी अशी आहे. १९१७ च्या डिसेंबरात काँग्रेस कोलकात्याला भरली, तेव्हा घराच्या विचित्रा सभागृहात ‘डाकघर’ या रवींद्रनाथांच्या नाटकाचा प्रयोग झाला. रवींद्रनाथ स्वतः रंगमंचावर, आणि समोर गांधी, मालवीय, ॲनी बेझंट, टिळक. घराबाहेर पडायची बंदी असलेला एक आजारी मुलगा खिडकीत बसून रस्ता पाहतो, एवढेच त्या नाटकाचे कथानक. मंडालेची सहा वर्षे भोगून आलेल्या टिळकांनी ते पाहिले.

अकरा माघ हा ब्राह्मो समाजाचा उत्सव. १८३० साली त्या दिवशी चितपूर रस्त्यावर राममोहन रायांचे प्रार्थनामंदिर उघडले. घरच्या माघोत्सवासाठी रवींद्रनाथ वर्षानुवर्षे नवी गाणी रचत. तरुणपणी अशीच काही गाणी त्यांनी चुंचुड्याला वडिलांना म्हणून दाखवली. देशाच्या राजाला इथली भाषा कळत असती तर त्याने कवीचा सन्मान केला असता, आता ते काम मलाच करायला हवे, अशा अर्थाचे बोलून देवेंद्रनाथांनी पाचशे रुपयांचा चेक मुलाच्या हाती दिला. रवींद्रसंगीतातला प्रार्थनागीतांचा मोठा भाग अशा माघांनी भरला आहे.

फाल्गुनात दोलपौर्णिमेच्या सुमारास वसंतोत्सव येतो. विद्यापीठाचा मोठा वसंतोत्सव आता बी. टी. रोडवरच्या विस्तीर्ण परिसरात होतो. जुने अंगण त्या गर्दीला अपुरे पडले असते, आणि अबीर उडवायचा तर जुन्या तसबिरी व चित्रांपासून तो लांब उडालेलाच बरा.