नेम, नेमाने, नेमके

मराठीतला ‘नेम’ हा शब्द दोन घरांत नांदतो. एका घरी तो व्रतवैकल्यांच्या पंगतीत बसतो : नित्यनेम, नेमधर्म, नेमाने वारीला जाणे. दुसऱ्या घरी तो बंदुकीच्या नळीवरच्या माशीआडून लक्ष्याकडे पाहतो : नेम धरणे, नेम साधणे, नेम चुकणे. मधल्या अंगणात त्याची भावंडे वावरतात. ‘नेमका’ आहे, ‘नेमस्त’ आहे, आणि ‘त्याचा काही नेम नाही’ हा भरवसा काढून घेणारा वाक्प्रचारही आहे. नियमितपणा आणि अचूकपणा या दोन गोष्टींना भाषेने एकाच शब्दात कोंबावे, हा निव्वळ योगायोग असेल का? अनेक वर्षे आम्ही दोघे हा प्रश्न वर्गात विद्यार्थ्यांपुढे टाकत आलो आहोत. गेल्या काही वर्षांत मात्र तो आमच्या घरातच वस्तीला आला आहे, कारण आमची पुतणी रायफल नेमबाज आहे.

आम्ही लोधिवलीला राहतो. जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगतचे, खालापूर तालुक्यातले हे गाव. पलीकडे पाताळगंगेचे खोरे व त्यातले कारखाने, अलीकडे भातखाचरे, आणि आभाळाच्या कडेला प्रबळगड-इर्शाळगडाची रेघ. अशा गावातल्या मुलीच्या हाती रायफल कशी आली, असे पाहुणे विचारतात. खरे तर त्यात नवल नाही. पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. एका दिशेला मुंबईत वरळीची रेंज, दुसऱ्या दिशेला पुण्यात बालेवाडीची. २००० साली सिडनीत अंजली भागवत अंतिम फेरीत पोहोचल्या, २०१० साली म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक मिळवले. मराठी मुलांना आता या खेळात वाट विचारावी लागत नाही. पायवाट पडलेली आहे.

पण घरात बंदूक पुतणीने आणली असे म्हणता येत नाही. ती आधीपासून होती. घरातले थोरले, ज्यांना सारे गाव आबा म्हणे, त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. रानडुकरांपासून भात राखायचे, तर गोफण आणि पत्र्याचे डबे पुरत नसत. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होई, निकाल लागला की परत येई. आबा गेल्यावर ती रीतसर सरकारजमा झाली. तिचा बार आम्ही फारसा ऐकला नाही; आबा बहुधा हवेतच उडवीत. आठवते ती भरण्याची रीत. आधी नळीत दारू, मग काथ्याचा बोळा, मग शिसे, पुन्हा बोळा आणि प्रत्येक थरानंतर गजाने ठासणे. दारूचे माप म्हणजे एक जुनी पितळी नळकांडी. “माप मोडलं की बंदूक मोडते,” असे ते म्हणत. बंदुकीआधी माणूस मोडतो, हे त्यांनी सांगायचे ठेवले होते, पण ते आम्हांला कळत होते.

ठासणीच्या बंदुकीने आपल्या भाषेत किती दारू भरून ठेवली आहे, हे एकदा मोजावे. आपण एखादी गोष्ट ‘ठासून’ सांगतो. सांगण्यात दम नसला की तो ‘फुसका बार’ ठरतो. कोणाच्या उधळेपणाला ‘चाप’ लावतो. इब्राहिमखान गारद्याच्या काळी तोफ डागणारा तो ‘गोलंदाज’. आज तो शिवाजी पार्कावर चेंडू टाकतो. ‘काडतूस’ पोर्तुगीजांकडून आले असे मानतात, आणि ते आल्याबरोबर एक मोठा बदल झाला : माप शिपायाच्या हातून सुटले. दारू किती, हे आता रणावर ठरेना. ते आधीच, दुसऱ्याच कोणी ठरवून कागदात गुंडाळलेले असे. १८५७ साली ज्या एन्फील्डच्या काडतुसांवरून रान पेटले, ती अशीच, आधी मोजून बांधलेली होती.

गंमत अशी, की कारखान्याने हिरावलेले हे माप परत हातात घेण्याची ओढ काही नेमबाजांना सतत वाटत आली. पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, हजार यार्डांवरून नेम साधणारे अनेक जण काडतूस स्वतः भरतात. वापरलेले पितळी कवच पुन्हा घ्यायचे, त्याची मान सारखी करायची, नवी टोपी बसवायची, दारू तोलून भरायची, गोळी ठरावीक खोलीवर बसवायची. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. तेवढे अंतर कापायला गोळीला सेकंद-दीड सेकंद लागतो, आणि त्या अवधीत गुरुत्वाकर्षण तिला कित्येक मीटर खाली ओढते. तिथे एका काडतुसातून दुसऱ्या काडतुसात आलेला कणभर फरक लक्ष्यावर वीतभर होऊन उमटतो. म्हणून या भरणाऱ्यांचा ध्यास वेगाचा नसतो, जोराचा तर नसतोच. असतो तो सारखेपणाचा. सर्वांत जोरकस काडतूस आणि सर्वांत अचूक काडतूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना पहिल्याच धड्यात शिकावे लागते. आमच्या काही वक्त्या मित्रांनाही ते शिकवता आले असते तर बरे झाले असते. असो.

भारतात हा उद्योग घरी करता येत नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि तो तसा लागावा हे उचितच आहे. पण पुतणीच्या खेळात तो प्रश्न वेगळ्याच कारणाने मिटतो. ती ज्या .२२ बोअरच्या रायफलने ५० मीटरवर खेळते, तिच्या काडतुसात वेगळी टोपी नसतेच. पेट घेणारे मिश्रण कवचाच्या कडेच्या पोकळीत पसरलेले असते, आणि चाप ओढला की ती कडच चेपली जाते. एकदा चेपली की ते कवच निकामी. येथे भरणे नाही. येथे आहे ती निवड. एकाच कंपनीची, एकाच नावाची काडतुसेसुद्धा लॉटगणिक थोडी वेगळी निघतात, आणि प्रत्येक नळीला त्यांतला एखादा लॉट अधिक मानवतो. बर्मिंगहॅमची एली, फिनलंडची लापुआ व जर्मनीतली आरडब्ल्यूएस अशा कंपन्या नेमबाजांना त्यांची नळी शिकंजात आवळून लॉट तपासू देतात. ज्यांना तिथवर जाणे शक्य नाही, त्यांनी आयातीतून वाट्याला आलेल्या खोक्यांतूनच काय ते शोधायचे.

हा शोध कशासाठी, ते आकड्यांतच सांगतो. ५० मीटरवरच्या लक्ष्यातले दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढे. गोळी सेकंदाला ३२५ मीटर वेगाने निघाली, आणि हवेचा अडथळा हिशेबापुरता बाजूला ठेवला, तर लक्ष्यापर्यंत जाताना ती सुमारे ११.६ सेंटिमीटर खाली येते. वेग ३१५ झाला, तर १२.३ सेंटिमीटर. फरक सात मिलिमीटरांचा. वर्तुळावर्तुळांत अंतर असते आठ मिलिमीटरांचे. म्हणजे हात, श्वास, डोळा सारे बिनचूक असूनही केवळ काडतुसाच्या लहरीपायी जवळजवळ एक गुण जाऊ शकतो. चांगली काडतुसे इतकी लहरी नसतात, हे खरे. पण पुतणीची निवड फेरी दोनच गुणांनी हुकली होती, आणि दोन गुणांना माणूस कुठेही जागा शोधून देतो.

तिने ती काडतुसांत शोधली. तिच्या वडिलांनीही. चार लॉट हाताशी होते. रेंजवर प्रत्येकाच्या दहा-दहा गोळ्या झाडल्या आणि तिसरा लॉट उठून दिसला. त्याचा पुंजका सर्वांत लहान. तो लॉट संपण्याआधी मिळतील तेवढी खोकी उचलायची, पतपेढीतून कर्ज काढायचे, असे जवळपास ठरले. रक्कम आमच्या दीराला, म्हणजे एकाच्या दीराला आणि एकाच्या भावाला, झेपणारी नव्हती.

आम्ही त्यातले तज्ज्ञ नव्हेत. पण उत्तरपत्रिका तपासण्यात आमची वीस वर्षे गेली आहेत, आणि नाव झाकलेल्या उत्तरपत्रिकेचे मोल आम्हांला ठाऊक आहे. आम्ही एवढेच सुचवले, की कर्जाआधी एकदा खोक्यांची नावे झाका. प्रशिक्षकांनाही ते पटले. त्यांनी साध्या डब्यांवर क, ख, ग, घ लिहिले. कोणत्या डब्यात कोणता लॉट ते त्यांनाच माहीत. पुतणीने दोन दिवस, सकाळच्या निवांत हवेत, प्रत्येक डब्यातल्या चाळीस गोळ्या झाडल्या.

येथे थोडे गणित आडवे येते, आणि ते समीक्षकांच्याही उपयोगाचे आहे. तीन गोळ्यांचा पुंजका नेहमीच फसवा लहान असतो. तीच नळी, तीच काडतुसे, तोच नेमबाज. तरी दहा गोळ्यांचा पुंजका सरासरीने तीन गोळ्यांच्या दीडपटीहून मोठा निघतो, कारण भरकटायला अधिक संधी मिळालेल्या असतात. आणि चार अगदी सारखे लॉट जरी घेतले, तरी त्यांतला एक पहिला येणारच. कोणी तरी यावेच लागते. पहिला आला म्हणून तो चांगला, असे म्हणण्यासाठी तो पुन्हा पहिला यायला हवा.

तो आला नाही. नावे उघडली तेव्हा आधीचा ‘उत्तम’ लॉट दुसऱ्या क्रमांकावर होता. पहिल्या तिघांत डावेउजवे करावे असा फरकच नव्हता. चौथा मात्र दोन्ही खेपांना स्पष्टपणे वाईट ठरला. एवढ्या खटाटोपातून जे ज्ञान हाती आले ते इतकेच : कोणता उत्तम हे सांगता येत नाही, कोणता नको हे सांगता येते. कर्ज टळले. त्या तिघांपैकी जो सहज आणि स्वस्तात मिळत होता तो घेतला.

घरात सगळे हलके झाले; ती झाली नाही. बालेवाडीहून परतताना खोपोलीचा घाट उतरेपर्यंत ती बोलली नाही. मग म्हणाली, “काकू, म्हणजे आता कारणच उरलं नाही.”

या वाक्यावर आम्ही दोघांनी पुष्कळ विचार केला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रँकलिन मॅन नावाच्या अमेरिकन डॉक्टराने गोळी सरळ का जात नाही याचा छडा लावण्यासाठी नळ्या काँक्रीटमध्ये रोवलेल्या भक्कम ठाण्यावर बसवल्या आणि नेमबाजालाच प्रश्नातून वगळले. त्याचा ग्रंथ १९०९ सालचा. त्याआधी, १७४२ साली, इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने टांगलेल्या लाकडी ठोकळ्यावर गोळी झाडून त्याच्या झोक्यावरून तिचा वेग काढला. (हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता होऊन आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.) या दोघांनी माणूस बाजूला काढून यंत्र तपासले. पुतणीच्या बाबतीत उलटे घडले. यंत्र तपासून झाले, दारूगोळा तपासून झाला, आणि उरली ती. मोजमापाचे हे निष्ठुर अंग आम्ही साहित्याचे लोक सहसा पाहत नाही. आमच्या व्यवहारात कारणांचा तुटवडा नसतो. कविता फसली तर काळ वाईट, वाचक अडाणी, संपादक पक्षपाती. विद्यार्थी नापास झाला तर पेपर अवघड. एकेक कारण चिमटीत धरून, नाव झाकून, चाळीस वेळा तपासायचे म्हटले तर आपल्यापैकी किती जणांची तयारी असेल? आणि एका कवितेवरून कवीला, एका उत्तरावरून मुलाला मोठे वा छोटे ठरवण्याची आपली जी घाई असते, ती तीन गोळ्यांच्या पुंजक्यावर कर्ज काढण्याहून फार वेगळी आहे का?

तरी तिचे ते वाक्य केवळ निराशेचे नव्हते, असे आता वाटते. कारण उरले नाही म्हणजे दुसऱ्याच्या हाती असलेले काही उरले नाही. आबांचे पितळी माप त्यांच्या हातात होते; बिघडले तर त्यांच्याच हातून. कारखान्याच्या काडतुसाने ती जबाबदारी काढून घेतली, आणि तिच्याबरोबर तो अधिकारही. दूरदेशी रात्र रात्र बसून दारू तोलणाऱ्यांना कदाचित तोच अधिकार परत हवा असतो. पुतणीला तो वेगळ्या वाटेने मिळाला.

तिची एक वही आहे. तारीख, वेळ, ऊन, वारा, लॉट, गुण असे रकाने. त्या आठवड्यात तिने लॉटचा रकाना खोडला आणि त्या जागी लिहिले ‘झोप’. तेव्हापासून रोज सकाळी, आम्ही चहा घेत असताना, ती ओटीवर रिकाम्या रायफलने समोरच्या भिंतीवरच्या ठिपक्याकडे चाळीस मिनिटे पाहत असते. गुण किती वाढले, ते आम्ही विचारत नाही. पुढची निवड फेरी डिसेंबरात आहे.