शेअरचा कागद आणि क्रोपोटकिन

अण्णांच्या नावावर साखर कारखान्याचा शेअर होता. कारखाना सहकारी, म्हणजे हजारो सभासदांबरोबर आमचे वडीलही त्याचे मालक. वार्षिक सर्वसाधारण सभेला ते आवर्जून जायचे. व्यासपीठावरून विषय वाचून झाला की पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर उठे. कुणी प्रश्न विचारायला उभं राहिलंच, तर त्याचा आवाज त्यात बुडून जाई. आपल्या उसाला तोड कधी येणार हे विचारायला मात्र या मालकाला तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या मागे फिरावं लागे.

डावं वाचन मी सुरू केलं ते या कोड्यापायी. कुठल्या पक्षाच्या अभ्यासवर्गाला मी बसले नाही, कुणी यादी करून दिली नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मॉस्कोच्या प्रोग्रेस प्रकाशनाची पुस्तकं स्वस्तात मिळत, तीच उचलली. ‘कॅपिटल’चा पहिला खंड हाती आला तेव्हा वस्तू आणि मूल्याची सुरुवातीची प्रकरणं बाजूला ठेवून थेट कामाच्या दिवसावरचं प्रकरण उघडलं. एकट्याने वाचणाऱ्या कुणालाही मी हेच सुचवेन. इंग्लंडमधल्या कारखाना निरीक्षकांचे अहवाल पुढ्यात घेऊन मार्क्स तिथे मिनिटांचा हिशेब मांडतो. मजुरांच्या जेवणाच्या सुट्टीतून मालक किती मिनिटं कुरतडतात, तेही सांगतो. वाचताना संताप होतो, आणि त्या संतापाच्या बळावर पुढची अवघड पानंही ओलांडता येतात.

पण अण्णांचं कोडं तसंच राहिलं. मालकी सगळ्यांची झाली की पुढे काय? आमच्याकडे कागदोपत्री ती झालेलीच होती. मार्क्सने पॅरिस कम्यूनवर लिहिलं आहे, तिथे पहिल्यांदा धागा सापडला. १८७१ च्या मार्चपासून मेपर्यंत टिकलेल्या त्या कारभारात निवडून दिलेल्या माणसाला लोक परत बोलावू शकत होते, आणि त्याचा पगार कामगाराइतकाच असावा असं ठरलं होतं. पुढच्याच वर्षी हेग इथल्या अधिवेशनात अराजकवादी बाकुनिनला कामगारांच्या इंटरनॅशनल या संघटनेतून काढून टाकलं गेलं. तो असं काय म्हणत होता, म्हणून त्याला वाचायला घेतलं. सत्तेवर बसलेला कामगार कामगार राहत नाही, तो वरून लोकांकडे बघू लागतो, असं त्याचं म्हणणं. त्या पानाच्या समासात मी पेन्सिलने एकच शब्द लिहिला: चेअरमन.

क्रोपोटकिन मला सगळ्यांत जवळचा वाटला. मूळचा भूगोलतज्ज्ञ, तरुणपणी सायबेरिया पालथा घातलेला. ‘जीवो जीवस्य जीवनम्’ हाच निसर्गाचा एकमेव नियम मानणाऱ्यांना त्याने १९०२ च्या ‘म्युच्युअल एड’मध्ये सविस्तर उत्तर दिलं. ब्रायटनच्या मत्स्यालयात १८८२ मध्ये पाहिलेला एक प्रसंग त्यात आहे. एक मोठा मोलुक्का खेकडा टाकीच्या कोपऱ्यात उताणा पडला होता. कवच जड, त्यात लोखंडी सळई आड आलेली. सोबती त्याला खालून रेटत, तो अर्धा उठे आणि सळईवर आपटून पुन्हा पडे. मग एक जण टाकीच्या तळाशी जाऊन आणखी दोघांना घेऊन येई आणि पुन्हा रेटारेटी सुरू. क्रोपोटकिन दोन तासांहून अधिक वेळ तिथे थांबला, परत येऊन पाहिलं तर काम चालूच होतं.

हे वाचताना आमच्याकडची इर्जिक आठवली. कुणाची नांगरट अडली की गावातले बैल-नांगर एकदम त्याच्या रानात उतरत, मजुरी कुणी घेत नसे, संध्याकाळी पंगत असे. अण्णा त्याबद्दल बोलू लागले की थांबत नसत.

मात्र त्या पंगतीत कोण कुठे बसत होतं? क्रोपोटकिनला गावकी फार प्रिय. म्हणून त्याच्याबरोबर आंबेडकर वाचायचेच, असं मी ठरवलं. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी खेड्याचं जे वर्णन केलं, ते कुठल्याही युरोपीय विचारवंताला सुचलं नसतं, कारण वेशीबाहेरून गाव कसं दिसतं हे त्यांनी सोसलं होतं. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांचीच विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ मध्येच लिहिलं होतं. आमच्या कारखान्याचा ऊस तोडायला मराठवाड्यातून जोडपी येतात. मुकादमाकडून उचल घेतात, आणि नवरा-बायको मिळून हिशेबात ‘एक कोयता’ धरले जातात. ‘मंजूर’ म्हणण्यापुरताही त्यांना सभेच्या मंडपात शिरकाव नाही.

माझा चुलतभाऊ कारखान्याच्या शेतकी खात्यात आहे. तो म्हणतो, “ताई, तोडलेला ऊस जितका थांबेल तितका उतारा घटतो. एकाचा हुकूम चालला नाही तर गाळप बोंबलेल.” एंगल्सने अराजकवाद्यांना सुनावताना सूतगिरणी, रेल्वे आणि जहाजाचे दाखले देऊन हाच मुद्दा मांडला होता. भावाला मी १९३६ मधल्या बार्सिलोनाच्या ट्रामबद्दल सांगितलं. कामगारांनी त्या ताब्यात घेऊन स्वतः चालवल्या होत्या. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग तोडीचा क्रम कुणी ठरवायचा?”

प्रश्न रास्त आहे. त्यासाठी सध्या गास्तों लेव्हालचं स्पेनमधल्या सामुदायिक शेतीवरचं पुस्तक वाचते आहे, गावोगावच्या बैठकांत कामं कशी वाटली जात ते त्यात तपशिलाने आहे. क्रम ठरवायच्या बैठकीला कोयतेवाले, त्यातही बायका, बसलेल्या असल्या पाहिजेत, एवढं मात्र भावाला आत्ताच सांगून ठेवलं आहे.