अकरा विजय, दोन पराभव

३० जुलै २०२१, पुणे

आबा गेले. सोलापूरच्या रुग्णालयात. ९४ वर्षांचे होते, म्हणजे ही बातमी कधीतरी येणारच होती. तरी गावाकडून एकामागून एक फोन येत राहिले आणि प्रत्येकाला तेवढंच सांगायचं होतं. आमच्या सांगोला तालुक्यात ‘आबा’ म्हटल्यावर आडनाव विचारावं लागत नाही. गणपतराव देशमुख मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. वकिली शिकले, सांगोल्यात आले, शेतकरी कामगार पक्षाचं काम धरलं. पुढं ना मतदारसंघ बदलला, ना पक्ष.

३१ जुलै

सगळी वर्तमानपत्रं एसटीवर थांबली आहेत. आमदार असून एसटीनं प्रवास करायचे, आमदार निवासात साधेपणानं राहायचे, हाताला डाग लागला नाही. सगळं खरं आहे. पण वाचता वाचता अस्वस्थ व्हायला झालं. ज्या माणसानं विधानसभेत जवळजवळ ५० वर्षं काढली, त्याचं राजकारण काय होतं, कशासाठी होतं, यावर चार ओळीही नाहीत. साधेपणाचं कौतुक करताना त्या माणसाच्या मागण्या विसरून जाणं सगळ्यांच्याच सोयीचं आहे.

संध्याकाळी गावी तात्यांना फोन केला. ते म्हणाले, “एस्टीनं आमीबी जलमभर फिरलोय की. त्येवढ्यानं कुनी मत देतं का? मानूस सापडत हुता. आन् पान्याचं काय झालं ते इचारलं तर सांगत हुता.”

हे वाक्य लिहून ठेवतो आहे, कारण आजच्या कुठल्याही अग्रलेखात ते नाही.

२ ऑगस्ट

कागदावर निवडणुका मांडल्या. १९६२ साली पहिल्यांदा आमदार. त्यानंतर १९६७. मग १९७४ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०. पुढं १९९९, २००४, २००९, २०१४. एकाच सांगोल्यातून अकरा वेळा. करुणानिधी तेरा वेळा निवडून आले, पण मतदारसंघ बदलत. केरळात के. एम. मणी मात्र पालातूनच तेरा वेळा जिंकले. तेव्हा विक्रमाची भाषा करायचं कारण नाही, आणि आबांना तशी गरजही नाही. फरक वेगळाच आहे. करुणानिधींच्या हाती अनेकदा राज्य होतं, मणींनी वर्षानुवर्षं मंत्रिपदं सांभाळली. आबा बहुतेक काळ विरोधी बाकांवर. १९७८ साली शरद पवारांच्या पुलोद सरकारात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या सरकारात ते मंत्री होते, दोन्ही वेळा थोडा काळ. म्हणजे सत्ता नसलेल्या माणसाला लोक पुन्हा पुन्हा निवडून देत होते. खातं नाही, निधीवर हुकूम नाही, पक्ष लहान. मला यातली ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

ते पहिल्यांदा सभागृहात गेले तेव्हा मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते आणि सभा जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरे. नरिमन पॉइंटचं विधान भवन सुरू झालं १९८१ साली.

४ ऑगस्ट

आज नुसत्या पराभवांचा विचार केला. श्रद्धांजलीच्या लेखांत ते अर्ध्या वाक्यात उरकले आहेत.

१९७२. बांगलादेशच्या युद्धानंतरची लाट, राज्यात काँग्रेसला २७० पैकी २२२ जागा. त्या लाटेत सांगोलाही गेलं. पाठोपाठ तो भयंकर दुष्काळ आला. आमच्या आजीच्या पिढीनं खडी फोडून दिवस काढले. दोन वर्षांनी पोटनिवडणूक झाली आणि लोकांनी आबांना परत पाठवलं. खडी फोडणाऱ्या लोकांना कामाचा आणि मजुरीचा हिशेब मागणारा माणूस सभागृहात हवा होता, असं मी समजतो.

१९९५. हा पराभव जास्त बोलका आहे. राज्यात काँग्रेसची सत्ता गेली, युती आली, आणि सांगोल्यात मात्र काँग्रेसचे शहाजीबापू पाटील निवडून आले. फरक १९२ मतांचा. एवढी मतं तर दोन वाड्यावस्त्यांत मिळून असतात. तेव्हा आबा सत्तरीकडे झुकलेले. दुसरा कुणी असता तर सूतगिरणीचं काम बघत घरी बसला असता. शेतकरी सहकारी सूतगिरणी त्यांनीच उभी केलेली, इतर गिरण्या तोट्यात बुडत असताना नीट चालणारी. वेळ घालवायला काम पुष्कळ होतं. पण आबा फिरत राहिले आणि १९९९ला पुन्हा जिंकून आले. जे बापू १९९५ला जिंकले, त्यांच्याशीच पुढं गाठ पडत राहिली. मतदारानं पाडलं म्हणून मतदारावर रुसायचं नाही, ही गोष्ट आजच्या पुढाऱ्यांनी त्यांच्याकडून उचलायला हवी होती.

७ ऑगस्ट, गावी

वाटेत सांगलीकडच्या पुराचीच चर्चा. जुलैअखेर कृष्णेचं पाणी सांगली शहरात शिरलं होतं. इकडं आमच्या माण नदीच्या काठी पाऊस म्हणजे वाट बघायची वस्तू. एकाच खोऱ्यातली ही दोन टोकं, आणि आबांचं सगळं राजकारण या दोन टोकांच्या मध्ये उभं होतं.

१९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा सुरू झाल्या. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि आबा. तेरा दुष्काळी तालुक्यांचा प्रश्न. कृष्णेतलं महाराष्ट्राच्या वाट्याचं पाणी बच्छावत लवादानं ठरवून दिलं होतं आणि ते २००० सालापर्यंत वापरात आणायचं होतं. अडवायला धरणं कमी, उचलायला योजना नाहीत, आणि जे अडलं ते आधीच हिरव्या असलेल्या उसाच्या पट्ट्यात. परिषदेची मागणी नुसती ‘आम्हालाही पाणी द्या’ अशी नव्हती. पाणी समन्यायी वाटा, भूमिहीन कुटुंबाचाही त्यावर हक्क माना, अशी होती. ज्याच्याकडं शेत नाही त्यालाही पाण्याचा वाटा! कारखानदारीच्या पट्ट्यात हे वाक्य उच्चारायला धाडस लागतं.

टेंभू योजना कराडजवळ कृष्णेतून पाणी उचलते, टप्प्याटप्प्यानं चढवत दुष्काळी पठारावर आणते. म्हैसाळ योजना मिरज तालुक्यातून. दोन्हींचं पाणी सांगोल्यापर्यंत यायला किती वर्षं गेली, ते तात्यांच्या पिढीला पाठ आहे. उचललेल्या पाण्याचं वीजबिल भरायचं कुणी, यावरही भांडण झालं. शेवटी ८१ टक्के सरकार आणि १९ टक्के शेतकरी असं ठरलं. हे सारं बैठकांत, लक्षवेधींत आणि अर्थसंकल्पाच्या चर्चेत रेटत न्यावं लागतं. त्याचे फोटो निघत नाहीत.

तात्यांच्या डाळिंबाच्या बागेत फिरलो. तालुक्याची ही बाग मूळची कमी पाण्यावर, ठिबकवर तगलेली. मागच्या डिसेंबरात देशातली १००वी किसान रेल्वे सांगोल्याहून शालिमारला गेली. ज्या तालुक्यातून माणसं कामाला बाहेर जात, तिथून आता फळं बंगालपर्यंत जातात. तेल्या रोगानं बागा काढाव्या लागल्या, तेही खरं. तात्यांनी एक तुकडा मोकळाच ठेवला आहे.

“पानी पुरतं का?” मी विचारलं.

“आवर्तन येळंवर आलं तर पुरतं. न्हाय आलं तर फोन कुनाला करायचा, आता त्योच इचार हाय.”

८ ऑगस्ट

२०१९ला आबा उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत उभे होते, ७६८ मतांनी हरले, पुन्हा शहाजीबापूंकडूनच. पक्षाचं काय झालं तेही लिहायला हवं. १९६७ला विधानसभेत शेकापचे १९ आमदार होते, २०१४ला तीन. एक माणूस टिकला आणि भोवतालचा पक्ष ओसरत गेला. आबांच्या पश्चात हा प्रश्न टाळून चालणार नाही: सांगोल्यानं लाल बावट्याला मत दिलं की आबांना? मला वाटतं, बरंचसं आबांना. हे मान्य करताना दुःख होतं, कारण पाण्याच्या समान वाटपाचा विचार एका माणसाच्या आयुष्याएवढा छोटा नाही.

२३ नोव्हेंबर २०२४, पुणे

निकाल लागला. सांगोल्यातून शेकापचे बाबासाहेब देशमुख, आबांचे दुसरे नातू, आमदार. समोर दोन्ही शिवसेनांचे उमेदवार होते. सगळ्या विधानसभेत शेकापची ही एकच जागा.

तात्यांचा आवाज फोनवर मोकळा होता. गुलाल, हलगी, सगळं सांगून झालं. मग म्हणाले, बुद्धेहाळचा तलाव उन्हाळ्याआधी टेंभूच्या पाण्यानं भरून द्या, असं निवेदन गावानं तयार ठेवलंय. सोमवारी ते घेऊन नव्या आमदारांकडं जाणार आहेत. मसुदा मला वाचून दाखवला. भूमिहीनांच्या वाट्याचं कलम त्यात नव्हतं. मी म्हटलं, ते घाला. तात्या थोडं थांबले आणि म्हणाले, “सांग, लिहून घेतो.”