विहिरीवरचा मोबाईल

आमच्याकडे शेतीला थ्री-फेज वीज कधी दिवसा, तर कधी रात्री. रात्रीची पाळी आली की अण्णा बॅटरी नि काठी घेऊन विहिरीवर निघायचे आणि इकडे आमच्या जिवाला घोर! म्हणून गेल्या महिन्यात स्टार्टरला सिमकार्डवाला डबा बसवला. एक एसेमेस पाठवला की मोटर चालू, दुसरा पाठवला की बंद.

वायरिंग तसं सोपं. चालू करणारा रिले हिरव्या बटणाला पॅरलल, बंद करणारा लाल बटणाच्या सिरीजमध्ये. अँटेना तेवढी पत्र्याच्या पेटीबाहेर काढायची, आत रेंज मिळत नाही.

सोय झाली खरी, पण एक विचार डोक्यातून जाईना. पूर्वी बटण दाबणारा विहिरीपाशीच असायचा. खाली कोणी उतरलंय का, ते त्याला दिसायचं. एसेमेसला कुठलं दिसायला?

अण्णांनी यावर आपला नियम करून टाकलाय. मोटरला किंवा फूटव्हॉल्व्हला हात लावायचा, तर आधी मेन स्विच पाडायचा आणि तिन्ही फ्यूज काढून खिशात टाकायचे.

"मोबाईल तुमच्या हातात, फ्यूज माझ्या खिशात," म्हणतात.

तुमच्याकडे कोणी असा डबा बसवणार असेल, तर वायरिंगच्या आधी हा नियम सांगा, बरं का!