माथ्यावरची नदी

नाशिककडून मनमाडकडे जाताना दिवस कलला की सातमाळ्याचे डोंगर आपले रंग एकेक करून उतरवून ठेवतात. गवताचा पिवळा जातो, मुरमाचा तांबूस जातो, कातळाचा करडा जातो, आणि सगळ्यांच्या जागी एकच जांभळी सावली उभी राहते, जिच्या वरच्या कडेला गवंड्याने पाणसळ धरून आखावी तशी सरळ आडवी रेघ असते. डोंगर संपतो, रेघ संपत नाही. मधली दरी नजर एका उडीत ओलांडते आणि पलीकडच्या डोंगरावर, जवळपास तेवढ्याच उंचीवर, तीच रेघ तिला पुन्हा सापडते. मग तिसऱ्यावर, मग धुरकट होत चाललेल्या चौथ्यावर. मधल्या रिकाम्या जागा नजरेला मान्यच होत नाहीत. ती त्या भरत राहते.

तिचे बरोबर आहे. तिथे जमीन होती.

हिमालय घड्या पडून वर आला, तसे या डोंगरांचे नाही. यांतला एकेक डोंगर कुणी खालून वेगळा उचललेला नाही. सबंध मुलूखच उंच आणि सपाट होता, पाण्याने त्यातले काढून नेले, नेतच राहिले, आणि जे न्यायचे राहून गेले त्याला आपण साल्हेर म्हणतो, धोडप म्हणतो, अंकाई म्हणतो. डोंगर ही शिल्लक आहे. हे मनात ठेवून माथ्यावर पोचले की छाती भरून येण्याची जातच बदलते. आपण काही जिंकून वर आलेलो नसतो. घामाघूम होऊन, गुडघ्यांना शिव्या देत, आपण फक्त कधीकाळच्या जमिनीवर पाऊल ठेवलेले असते.

ती जमीन सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. ज्वालामुखी म्हटला की चित्रातला धुराचा तुरा खोवलेला शंकू आठवतो, पण दख्खनला तसे काही नव्हते. भुई लांबच लांब भेगांनी उकलली आणि त्या भेगांतून लाव्हा नुसता पसरत राहिला, सखल भाग बुजवत, टेकाडे गिळत, एका थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, इतका की आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख त्याच्याखाली आहे आणि सह्याद्रीच्या अंगाला त्या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. हे आकडे वाचून मला भीतीही वाटत नाही, इतके ते मोठे आहेत. मला जवळची वाटते ती दुसरीच एक गोष्ट. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या भिंतीकडे गाडीच्या खिडकीतून पाहावे, तर काळ्या दोन कातळांमध्ये कुठे कुठे विटकरी मातीचा एक पट्टा दिसतो, कधी वीतभर, कधी हातभर. लाव्ह्याचे लोट मधेमधे थांबत होते. त्या थांबण्यात दगड निवला, पाऊस पडला, वरचा थर कुजून त्याची माती झाली, आणि त्या मातीत कदाचित काही रुजलेही असेल, वाऱ्यावर डोललेही असेल. मग पुन्हा भुई उकलली आणि ती सगळी उसंत भाजून लाल झाली.

दोन उद्रेकांमधली सुटी. एवढीच, बोटांनी खरवडता येईल इतकी.

आणि गंमत अशी की डोंगराचा सगळा आकार या सुट्यांनीच ठरवला आहे. घट्ट, काळा, उभ्या चिरा पडलेला थर पावसाला सहजी दाद देत नाही. तो कडा होतो. त्याच्याखालचा फुगेरी, सच्छिद्र खडक किंवा ती तांबडी माती मात्र पाझराने भुसभुशीत होते, पावसाळ्यामागून पावसाळे आत आत झिजते, आणि एके दिवशी वरच्या कातळाला आपल्या पायाखाली काहीच नाही हे कळते. मग तो आपल्या उभ्या चिरेवरून, सुरीने कापावा तसा सुटतो. म्हणून कडा मागे सरतो पण कलत नाही. लाख वर्षे मागे सरूनही तो तसाच ताठ, कालच तुटल्यासारखा. उतार झिजून गोल होतील, टेकड्या म्हाताऱ्या होऊन वाकतील, पण डोक्यावर कठीण टोपी असलेल्या डोंगराला म्हातारपण येते ते फक्त रुंदीत.

खाली पडलेल्या धोंड्यांचा आणि मातीचा उतार कड्याच्या पायाशी साचत जातो. त्या उतारावर वाड्या असतात, नाचणीची शेते असतात, कारण माती तिथेच मिळते आणि थरांच्या सांध्यातून झरेही तिथेच फुटतात. २०१४ साली माळीण आणि २०२३ साली इर्शाळवाडी, दोन्ही जुलै महिन्यात, अशाच उतारांवर मातीखाली गेल्या. डोंगराच्या झिजण्याबद्दल लाख वर्षांच्या भाषेत बोलताना जीभ थोडी अडखळली पाहिजे, असे मला वाटते. त्या भाषेत एक रात्रही असते.

भूगोलाची पुस्तके या झिजण्याच्या पायऱ्यांना नावे देतात. सर्वांत मोठे, चालून संपत नाही असे ते पठार. पठारापासून सुटा झालेला, उंचीपेक्षा माथ्याने रुंद असलेला तो मेसा. झिजून झिजून माथ्याच्या रुंदीपेक्षा उंचीच जास्त उरली की ब्यूट. आणि माथा म्हणायला काही राहिलेच नाही की सुळका. जाती म्हणून पाठ केली तर ही नावे कोरडी लागतात. पण दौंडकडून येणारी गाडी अंकाई स्टेशनला पोचते तेव्हा खिडकीतून अंकाई-टंकाईची जोडी दिसते, मधे खिंड आणि दोन्हीकडे सपाट माथे, एकाच जमिनीचे दोन तुकडे. आणि त्यांच्याच परिसरात हडबीची शेंडी, आभाळाकडे उभारलेल्या अंगठ्यासारखा एकटा सुळका. गाडी दोन मिनिटे थांबते. तेवढ्यात एकाच घराण्याचे तारुण्य आणि अखेर शेजारी शेजारी दिसून जाते, आणि कळते की या चार जाती नाहीतच. हे एकाच आयुष्याचे चार टप्पे आहेत.

आपल्याकडच्या माणसांनी या उतरंडीला आपली वेगळी नावे दिली होती, आणि ती रुंदी-उंचीच्या हिशेबाने दिलेली नव्हती. कुठे राहता येईल, कुठे लपता येईल, कुठे पाणी असेल या हिशेबाने दिली होती. पठार, माची, बालेकिल्ला, कडा, टोक, सुळका, लिंगी. राजगडावर पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या तीन दिशांना पसरलेल्या आणि मधे वर बालेकिल्ल्याचा कातळ. जिथे एक थर मागे सरला आणि खालचा उघडा पडला, तिथे वस्ती, तळे, शिबंदी. जिथे कातळ सरळ उभा राहिला, तिथे तटाचे काम डोंगरानेच करून ठेवलेले. गड बांधणाऱ्यांनी बेसाल्ट हे नाव ऐकले नसेल. त्यांना बेसाल्ट वाचता येत होता.

तसे सपाट माथ्याचे डोंगर जगभर आहेत आणि त्यांच्या जन्मकथा एकमेकींशी अजिबात जुळत नाहीत. आइसलंडमध्ये बर्फाच्या जाड थराखाली ज्वालामुखी फुटला आणि झाकण वितळवून वर आल्यावर माथ्यावर सपाट पसरला, असे डोंगर आहेत. पॅसिफिकच्या तळाशीही आहेत; दुसऱ्या महायुद्धात आपल्या जहाजावरच्या ध्वनियंत्राने समुद्राची खोली मोजत जाताना हॅरी हेस या भूशास्त्रज्ञाला ते सापडले, आणि १९४६ साली त्याने लिहिले की ही बेटे होती, लाटांनी त्यांचे माथे कापले आणि मग ती बुडाली. अंधारात, कुणी न पाहिलेली ती सपाटी. मला आपली उन्हातली बरी.

त्यातही पाचगणी, महाबळेश्वर, कास. इथल्या डोंगरांच्या डोक्यावर काळा बेसाल्ट नाही. जांभा आहे, तांबडा, खडबडीत, भोकाभोकांचा, लोखंडाने जड. ताजा खणला तर हत्याराने सहज कापता येतो, वाऱ्याला लागला की घट्ट होतो, म्हणून तर कोकणात चिरे पाडतात आणि घरे उभी राहतात. या जांभ्यावर माती जेमतेम बोटभर. मे महिन्यात कासचे पठार करपलेले, नकोसे दिसते. आणि पावसाळा ओसरता ओसरता तीच बोटभर माती अशी काही उधळते की तेरड्याचा गुलाबी, सीतेच्या आसवांचा जांभळा आणि गेंदांचे पांढरे ठिपके यांत पाऊल कुठे ठेवावे कळत नाही. ही सीतेची आसवे इतकी नाजूक, पण मातीत पोषण नाही म्हणून मातीखालच्या इवल्या पिशव्यांत ओल्या मातीतले सूक्ष्म जीव पकडून खातात. दवबिंदूच्या लाल पानांवरचे चिकट थेंबही किड्यांसाठीच. सौंदर्याचा हा घासाघाशीचा संसार जांभ्याशिवाय झाला नसता.

हा जांभा तिथे माथ्यावर आला कसा, यावर भूशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. जुने म्हणणे असे की बेसाल्टच जागच्या जागी कुजला, पावसाने त्यातले विरघळणारे सगळे धुऊन नेले आणि लोखंड मागे राहिले. सगळ्या माथ्यांवर मिळून एकेकाळी ही एक अखंड चादर होती. क्लिफ ऑलियर आणि हेतू शेठ यांनी २००८ साली वेगळे मांडले. त्यांच्या मते भोवतालच्या चढांवरून पाझरणाऱ्या पाण्याने लोखंड वाहून आणले ते सखलात, त्या काळच्या दऱ्यांच्या तळाशी, आणि तिथे ते थिजून कठीण झाले. पुढे झिजण्याची पाळी आली तेव्हा दऱ्यांचे तळ टिकले आणि भोवतालच्या मऊ टेकड्या वाहून गेल्या. म्हणूनच हे जांभ्याचे माथे वळणावळणाचे, फाटे फुटलेले दिसतात, नदी आणि तिला मिळणारे ओहोळ दिसावेत तसे.

पहिले मत नीटनेटके आहे. माझा जीव दुसऱ्यावर जडला आहे, आणि त्याला पुराव्याइतकाच माझा हट्टही कारणीभूत असेल. ज्या खोलगटात आजूबाजूचे सगळे वाहून येत होते, ज्याच्याकडे उंचावरची प्रत्येक गोष्ट आपले ओझे सोडत होती, ते ओझेच त्याची ढाल झाले आणि ज्यांनी सोडले ते उरलेच नाहीत, हे माझ्या मनातून जात नाही. दप्तरे पाठीला लावून पाचगणीच्या टेबललँडवर क्रिकेट खेळायला आलेली मुले, बर्फाचा गोळा, बंदुकीने फुगे फोडण्याचा फळा, सगळा गलबला मग एखाद्या पात्रात चाललेला दिसतो. मी कडेकडेने चालते आणि वळणे मोजते. इथे प्रवाह रुंदावला असेल, इथे एखादा ओढा येऊन मिळाला असेल.

ऐन कडेवर उभे राहिले की उत्तरेला कृष्णेचे खोरे, धोम धरणाचे पाणी, त्यात उतरलेले ढगांचे पांढरे तुकडे. मागे जावळीच्या बाजूचे उतार. पात्र होते ते आता जलविभाजक झाले आहे. एका घोडेवाल्याने हटकले, "ताई, पूर्ण चक्कर का अर्धी?" चालतच जाते म्हटले, पण एवढे सांगा, पावसात इथले पाणी कुणीकडे उतरते? त्याने हातातल्या छडीने आधी वाईकडे दाखवले, मग क्षणभर थांबून पाठीमागे.

"दोन्ही अंगानं पडतं," तो म्हणाला. "मधी ऱ्हातं ते डबकं. ते बी दिवाळीपतोर."